तक्त्यामागचा प्रश्न : प्रस्तावना

ज्या टीमकडे विकी आहे तिच्या विकीवर एक तरी तक्ता असा सापडतोच, ज्यातले आकडे कोणी, कधी आणि कुठून काढले हे आता कोणालाही सांगता येत नाही. प्रलंबित तक्रारी, सर्व्हरची यादी, कोणत्या ग्राहकाकडे कोणती आवृत्ती चालू आहे, गोदामात काय उरले आहे... विषय कोणताही असो, घडते ते सारखेच. कोणीतरी डेटाबेसवर क्वेरी चालवली, आलेले उत्तर पानावर चिकटवले, आणि त्या दिवशी ते अगदी बरोबर होते. पुढे डेटाबेस बदलत राहिला, तक्ता तसाच राहिला आणि क्वेरी लिहिणारा दुसऱ्या कंपनीत गेला. तरीही पान उघडणारा माणूस त्या तक्त्यावर विश्वास ठेवतो. रेघा आखलेल्या, रकाने भरलेले, खाली बेरीज मांडलेली. एखाद्या वाक्यावर जी शंका सहज घेतली जाते ती तक्त्यावर घ्यायचे कोणाच्या मनात येत नाही.

ही पुस्तिका त्या तक्त्याबद्दल आहे. डेटाबेसमधून काढलेले उत्तर टीमच्या विकीवर कसे दाखवावे, हा वरवर पाहता अर्ध्या दिवसाचा तांत्रिक प्रश्न वाटतो. एखादे प्लगइन बसवले, जोडणी दिली, की काम झाले असे समजून बहुतेक टीम पुढच्या कामाला लागतात. मला हे पुरेसे वाटत नाही. विकीवरचा तक्ता हे एक विधान आहे, आणि विधान करणाऱ्याने आपण काय विचारले, केव्हा विचारले आणि कोणत्या डेटाला विचारले हे सांगितलेच पाहिजे. हे तपशील उत्तराच्या शेजारी, त्याच पानावर हवेत. शक्य असेल तिथे उत्तरही पानाच्या मजकुरात उतरलेले हवे, म्हणजे ते विकीच्या इतिहासात राहते. पुढची सगळी प्रकरणे या एका आग्रहातून निघाली आहेत.

ज्या दोन गोष्टी इथे एकत्र येतात त्यांचे स्वभाव मुळातच वेगळे आहेत. एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करताना १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. माहिती डिस्कवर कुठे आणि कशी साठवली आहे हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच पडू नये, हा त्या निबंधाचा गाभा. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएमच्याच दोघा संशोधकांनी त्या मॉडेलला प्रश्न विचारण्याची भाषा दिली. तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. या भाषेत काय हवे ते आपण सांगायचे आणि ते कसे शोधायचे ते डेटाबेसने ठरवायचे. त्यामुळे नीट लिहिलेली क्वेरी यंत्राइतकीच माणसालाही वाचता येते. आपल्या विषयात या गुणाचे मोल फार आहे, कारण पानावर क्वेरी छापायची तर ती वाचणारा कोणीतरी असला पाहिजे. मात्र सर्वसाधारण डेटाबेस वर्तमानात जगतो. तक्रार मिटली की 'चालू' च्या जागी 'बंद' येते, आणि काल ती चालू होती याची खूण कोणी मुद्दाम जपली नसेल तर उरत नाही.

विकीचे उलट आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी खुला केला तो प्रोग्रामरांनी आपले अनुभव एकमेकांना सांगावेत, एकमेकांचे लिखाण सुधारावे म्हणून. पानाचा संपूर्ण इतिहास जपण्याची पद्धत पुढच्या विकींनी रुजवली, आणि आज तिच्याशिवाय विकीची कल्पनाही करवत नाही. कोणते वाक्य कोणी कधी बदलले हे पाहता येते म्हणूनच पान सर्वांसाठी उघडे ठेवण्याचे धाडस होते. १९९८ मध्ये टीविकी आला आणि कंपन्यांच्या आतल्या कामासाठी विकी वापरण्याची वाट रुळली. २००४ मध्ये ट्रॅक आणि कॉन्फ्लुअन्स आले. ट्रॅकमध्ये तर तिकिटांचे अहवाल म्हणजे साठवून ठेवलेल्या एसक्यूएल क्वेरीच होत्या, आणि तिकिटांची निवडक यादी विकीच्या पानात एका ओळीने आणता येत असे. आजही कॉन्फ्लुअन्सच्या पानात जिराची तिकिटे आणताना लाखो लोक हेच करतात, फक्त ते क्वेरी दाखवतो आहोत असे म्हणत नाहीत.

वर्तमानात जगणारा डेटाबेस आणि आठवण ठेवणारा विकी एका पानावर आले की कोणाचा स्वभाव टिकतो? माझ्या दृष्टीने या विषयातला खरा प्रश्न हाच आहे.

हाताने चिकटवलेल्या तक्त्यात विकीचा स्वभाव टिकतो, पण प्रश्न हरवतो. दुसरी रीत म्हणजे पान उघडताक्षणी क्वेरी चालवणे. २००५ मध्ये कार्ल्सरूह येथे मार्कुस क्र्योट्श, डेनी व्रांदेचिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या सिमँटिक मीडियाविकीने ही रीत फार सुबकपणे घडवली. पानातच प्रश्न लिहायचा आणि उत्तर तिथल्या तिथे तक्ता होऊन यायचे. हेच व्रांदेचिच पुढे २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटाच्या उभारणीत आघाडीवर होते. नंतर यारोन कोरेन यांनी कार्गो हा त्याहून साधा, थेट डेटाबेसच्या टेबलांवर चालणारा पर्याय दिला. पानाच्या स्रोतात क्वेरी राहते, त्यामुळे प्रश्न हरवत नाही. उत्तराचा इतिहास मात्र हरवतो. पानाची सहा महिन्यांपूर्वीची आवृत्ती उघडा, मजकूर तेव्हाचा दिसतो आणि तक्ता आजचा.

हे किरकोळ वाटेल, म्हणून एक प्रसंग कल्पून पाहू. एका टीमने तिमाही आढाव्याच्या पानावर लिहिले की प्रलंबित तक्रारी हाताबाहेर गेल्या आहेत, सबब आणखी दोन माणसे घ्यावीत. खाली तक्रारींचा जिवंत तक्ता लावला. त्या दिवशी त्यात तीनशे ओळी होत्या. माणसे आली, कामे मिटली. वर्षाने नवा व्यवस्थापक पान उघडतो तेव्हा तक्त्यात वीस ओळी दिसतात, आणि एवढ्याशा कामासाठी दोन माणसे कशाला घेतली असा प्रश्न तो विचारतो. निर्णय योग्य होता, पण त्याचा पुरावा तक्त्याने स्वतःच पुसून टाकला. आढावे, बैठकींचे वृत्तांत, बिघाडानंतरची टिपणे, लेखापरीक्षकाला दाखवायची पाने अशा ठिकाणी उघडताक्षणी चालणारी क्वेरी लावू नये, असे या पुस्तिकेत निःसंदिग्धपणे म्हटले आहे. आता या क्षणी कोणता सर्व्हर बंद आहे, आजची रात्रपाळी कोणाची आहे, अशा पानांवर जिवंत तक्ताच हवा. तिथे कालच्या उत्तराला किंमत नाही.

तिसरी रीत बॉटची. ठरावीक वेळी एक प्रोग्राम क्वेरी चालवतो आणि आलेला तक्ता पानाच्या मजकुरात लिहून जतन करतो, एखाद्या संपादकासारखा. पान जतन झाले की इतिहासात नोंद होते, आणि कालच्या व आजच्या तक्त्यातला फरक विकी आपोआप दाखवतो. ही रीत कशी वाढली हे पाहायचे तर विकिपीडियाकडे जावे. तिथली सगळी यंत्रणा आणि तिच्या चुकासुद्धा उघड्यावर आहेत, आणि स्वयंसेवकांची ती एक प्रचंड मोठी टीमच आहे.

सुरुवातीच्या काळात विकिपीडियाच्या प्रचालकांना थेट डेटाबेसवर एसक्यूएल चालवता येईल असे एक विशेष पान होते. वाचकांची गर्दी वाढली तसे ते परवडेना, आणि काढून टाकले गेले. एका माणसाच्या जड क्वेरीमुळे हजारोंची पाने खोळंबावीत हे कोणालाच मान्य होणारे नव्हते. ज्या याद्या काढायला वेळ लागतो त्या पान उघडताना काढायच्याच नाहीत, अधूनमधून काढून साठवायच्या, अशी काटकसरीची सोय विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीमध्ये आहे. दुवे आहेत पण लेखच नाहीत अशा नावांची मराठी विकिपीडियावरची यादी उघडलीत तर माथ्यावर ही माहिती साठवलेली असल्याची सूचना आणि ती केव्हा काढली याची तारीख दिसते. ती एक ओळ मला फार आवडते. आपल्या उत्तराचे वय सांगण्याचा प्रामाणिकपणा तिच्यात आहे.

२००५ मध्ये विकिमीडियाच्या जर्मन संस्थेने टूलसर्व्हर उभा केला. मूळ डेटाबेसची प्रतिकृती वेगळ्या यंत्रावर ठेवायची आणि जड प्रश्न तिलाच विचारायचे. २०१४ मध्ये तो बंद होऊन त्याची जागा विकिमीडिया फाउंडेशनच्या यंत्रणेने घेतली, आणि त्याच वर्षी क्वॉरी हे साधन आले. त्यात ब्राउझरमध्ये क्वेरी लिहायची, प्रतिकृतीवर चालवायची. तुमची क्वेरी, तिचे उत्तर आणि तुमचे सदस्यनाव सर्वांना दिसते, आणि दुसरा कोणीही ती उचलून पुढे नेऊ शकतो. तीस मिनिटांत उत्तर आले नाही तर क्वेरी थांबवली जाते. विकिडेटाच्या क्वेरी सेवेत ही मर्यादा साठ सेकंदांची आहे.

यांच्यावरच बॉट उभे राहिले. इंग्रजी विकिपीडियावर एका साच्यात एसक्यूएल लिहून ठेवायची आणि किती दिवसांनी ताजी करायची ते सांगायचे, की बॉट तक्ता भरून जातो. माग्नुस मान्स्के यांच्या लिस्टेरिया बॉटसाठी विकिडेटाला विचारायची, स्पार्कल या क्वेरीभाषेतली क्वेरी सुरुवातीच्या साच्यात द्यायची आणि खाली समाप्तीचा साचा ठेवायचा. मधली जागा बॉटची. त्या जागेत कोणी हाताने दुरुस्ती केली तर पुढच्या फेरीत ती पुसली जाते. नव्या संपादकाला याचा राग येतो, पण नियम योग्य आहे. चूक तक्त्यात दिसली तरी ती असते मूळ डेटात किंवा क्वेरीत, आणि दुरुस्ती तिथेच व्हायला हवी. टीमच्या विकीवरही बॉटची जागा अशीच आखून द्यावी, आणि तिच्या वर दोन ओळी माणसाने लिहाव्यात: हा तक्ता कशासाठी आहे, आणि त्यावरून काय ठरवू नये.

आता प्रश्नाकडे येतो, कारण सगळा वाद शेवटी तिथे पोचतो. विकिपीडियात किती लेख आहेत? अगदी सुरुवातीच्या दिवसांत ज्या पानात एक तरी स्वल्पविराम असेल ते पान लेख म्हणून मोजले जात असे. कोऱ्या किंवा एका शब्दाच्या पानांना वगळण्याची ती सोपी युक्ती होती. पुढे मोजणी बदलली. मुख्य नामविश्वातले, पुनर्निर्देशन नसलेले आणि निदान एक अंतर्गत दुवा असलेले पान तो लेख, असे ठरले. त्याच पानांचा आकडा व्याख्येबरोबर हलतो. 'सक्रिय सदस्य' म्हणजे गेल्या ३० दिवसांत काहीतरी कृती केलेला सदस्य, हीसुद्धा ठरवून घेतलेली व्याख्याच आहे. ३० च्या जागी ९० घातले की समाज एकदम भरभराटीला आलेला दिसेल.

जवळचे उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याशी निगडित १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांचा तक्ता करताना कोणी 'महाराष्ट्रातले किल्ले' अशी अट घातली तर ११ ओळी येतील आणि जिंजी गळेल, कारण तो तामिळनाडूत आहे. इथे सगळे व्यवस्थित चालते, त्रुटीचा संदेश येत नाही, क्वेरी व्याकरणाला धरून असते. फक्त विचारायचे होते ते विचारलेले नसते. पानावर क्वेरी दिसत असेल तर जिंजी आठवणारा पहिलाच वाचक ती अट दाखवून देईल. क्वेरी दिसत नसेल तर ११ हा आकडा वर्षानुवर्षे फिरत राहील. म्हणून क्वेरी लपवून ठेवू नये, निदान घडीच्या आत तरी ठेवावी, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे.

मराठी डेटा असेल तर आणखी एक प्रकरण हाताळावे लागते, आणि इतर भाषांतल्या मार्गदर्शिकांत ते सापडत नाही. गावांची नावे घेऊन मोजणी करणारी क्वेरी चालवली आणि तक्त्यात कऱ्हाड दोनदा आले, दोन्ही ओळी डोळ्यांना हुबेहूब सारख्या, असे होऊ शकते. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून तो येतो, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कोणत्या कळफलकावर टंकले त्यावर ते ठरते. डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी गावे. त्यात कोणी 'कराड' लिहिले असेल तर तिसरे. 'गाव' आणि 'गांव' यांचेही तसेच. अनुक्रमाचीही अडचण आहे. नुसत्या युनिकोड क्रमांकांनुसार लावले तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आणि क्षेत्रमाहुली क च्या शब्दांत जाऊन बसते. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात हे डेटाबेसला मराठी अनुक्रम निवडून सांगावे लागते. मोजणीच्या आधी नावे एकसारखी करून घेणे आणि अनुक्रम ठरवणे यासाठी एक वेगळे प्रकरण दिले आहे, ते वगळू नये अशी विनंती आहे.

परवानग्यांचा विषय थोडक्यात सांगतो, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. विकीला डेटाबेसची जोडणी द्यायची ती केवळ वाचण्याचा हक्क असलेल्या वेगळ्या खात्याने, शक्यतो प्रतिकृतीवर, वेळेची आणि ओळींची मर्यादा घालून. पासवर्ड पानात कधीच लिहू नये. पानावरून काढला तरी इतिहासात राहतो. वाचकाने भरलेला शब्द क्वेरीत जसाच्या तसा चिकटवू नये, पॅरामीटर म्हणूनच पाठवावा. तक्ता काढणाऱ्या खात्याला जे दिसते ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसते, याचा विचार क्वेरी लिहिण्याआधी व्हावा. विकिमीडियाच्या प्रतिकृतीत पासवर्ड, ईमेल पत्ते, कोण कोणत्या पानांवर लक्ष ठेवून आहे यांसारख्या गोष्टी आधीच गाळलेल्या असतात, त्यामुळे क्वेरी कोणीही लिहिली तरी त्या बाहेर पडत नाहीत. टीमनेही गाळलेले व्ह्यू करून तेवढेच विकीला दाखवावेत.

इथे बॉटच्या रीतीचा मोठा दोष मान्य केला पाहिजे. विकी विसरत नाही, आणि काही गोष्टी विसरल्या जाणे आवश्यक असते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती मिटवून मागण्याचा हक्क मान्य केला आहे. ग्राहकांची नावे आणि फोन नंबर असलेला तक्ता बॉटने रोज पानावर लिहिला, तर ती नावे शेकडो आवृत्त्यांत, शोधाच्या अनुक्रमणिकेत आणि पान बदलल्याच्या ईमेलमध्ये पसरतात; मूळ टेबलातली ओळ पुसून काही साधत नाही. यावर माझे उत्तर सरळ आहे. व्यक्तीची माहिती विकीवर नको. पानावर बेरजा, संख्या, प्रमाणे यावीत. एकेका माणसाची ओळ पाहायची असेल तर ज्याला हक्क आहे त्याने मूळ प्रणालीत जाऊन पाहावी. बेरजेतही एखाद्या गटात एक-दोनच माणसे असतील तर तो गट दुसऱ्यात मिसळावा.

क्वेरी म्हाताऱ्या होतात, याचीही तयारी ठेवायला हवी. मीडियाविकीमध्ये प्रत्येक संपादनाच्या नोंदीत संपादकाचे नाव असे. काही वर्षांपूर्वी ते वेगळ्या टेबलात हलवले गेले आणि जुने रकाने गेल्यावर वर्षानुवर्षे चालत आलेल्या कितीतरी क्वेरी एकाएकी थांबल्या. २०२५ मध्ये विकिडेटाच्या क्वेरी सेवेने शोधनिबंधांचा डेटा बाकीच्यापासून वेगळा केला, तेव्हाही दोन्ही भाग लागणाऱ्या क्वेरी नव्याने लिहाव्या लागल्या. थांबलेली क्वेरी निदान कळते. रकान्याचा अर्थ बदलला आणि क्वेरी चालत राहिली, तर चुकीचे उत्तर ताज्या तारखेसह येत राहते, आणि ते पकडायला माणूसच लागतो. म्हणून प्रत्येक तक्त्याला एक नावाने जबाबदार माणूस असावा, आणि तो टीम सोडून जाताना तक्ते दुसऱ्याकडे सोपवणे हा त्याच्या निरोपाच्या कामांचा भाग असावा. क्वेरी अपयशी ठरली तर बॉटने पान रिकामे करू नये. जुना तक्ता त्याच्या जुन्या तारखेसह ठेवावा आणि वर अपयशाची ओळ लिहावी. रिकामा तक्ता वाचणाऱ्याला 'एकही तक्रार नाही' असेच सांगतो.

पुस्तिकेची पहिली तीन प्रकरणे क्वेरी लिहिणाऱ्यांसाठी आहेत आणि पुढची दोन विकी सांभाळणाऱ्यांसाठी. मराठी नावांच्या शुद्धीचे प्रकरण त्यांच्यानंतर येते, आणि शेवटी बॉटचा एक लहान, पूर्ण चालणारा नमुना आहे. ज्यांनी एसक्यूएल कधी लिहिलेली नाही, पण ज्यांच्या निर्णयांना हे तक्ते लागतात, त्यांनी पहिले प्रकरण तरी वाचावे. त्यात क्वेरी वाचायची कशी एवढेच आहे. हाताशी सर्व्हर नसेल तर अडून राहू नका. विकिमीडियाचे खाते उघडून क्वॉरीवर जा, मराठी विकिपीडियाचा डेटाबेस निवडा आणि गेल्या तीस दिवसांत तयार झालेल्या लेखांची संख्या काढा. पुनर्निर्देशने त्यात मोजायची की नाहीत, हे तुम्हाला पहिल्याच ओळीत ठरवावे लागेल.